शिष्यवृत्तीचे चीज करणारा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला आता कोणत्या लाईनला घालायचे? ज्यांची परिस्थिती बरी असते त्यांच्या घरी ही चर्चा आठ-पंधरा दिवस चालते. ज्या घरात कमावता माणूस एकच आहे, किंवा तोही अल्लाला प्यारा झाला आहे, तेथे मात्र चर्चा फार वेळ चालत नाही. मुलगा कुठल्या तरी गॅरेजात, दुकानात किंवा बांधकामावर कामाला लागतो आणि त्याची वह्या-पुस्तके माळ्यावर जातात. मुलगा हुशार होता, पण नशीब आडवे आले, असे म्हणून आपण गप्प बसतो.

अशाच एका मुलाची हकीकत मी आज आपणापुढे ठेवणार आहे. त्याचेही वडील लहानपणीच गेले. घरात पैसा नव्हता. परंतु त्याची वह्या-पुस्तके माळ्यावर गेली नाहीत. तो आपल्या पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकला आणि पुढे त्याने शहरांना पाणी दिले, पुराला बांध घातला, शेतांना कालवे दिले. त्यांचे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, हा आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण ते शिकले कसे, कोणाच्या मदतीने शिकले आणि त्या शिक्षणाचा त्यांनी काय उपयोग केला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

बालपण आणि शिक्षणाची ओढ

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. हे खेडे चिक्कबळ्ळापूरजवळ आहे. त्यांचे घराणे मूळचे आंध्रातील मोक्षगुंडम गावचे. त्यावरून त्यांच्या नावामागे मोक्षगुंडम हा शब्द लागला. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. विद्या घरात होती, लक्ष्मी नव्हती. प्राथमिक शिक्षण चिक्कबळ्ळापूरला झाले आणि मुलगा शाळेत असतानाच वडिलांचे छत्र हरपले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. वडील गेले, घरात मिळकत नाही, मुलगा अजून शाळकरी. अशा वेळी चार माणसे काय सल्ला देतात ते आपणांस चांगले माहीत आहे. परंतु त्या माऊलीने मुलाला बंगलोरला आपल्या भावाकडे पाठविले. मामा काही श्रीमंत नव्हते, पण त्यांनी भाच्याला आधार दिला. मुलानेही मामांवर सगळा भार टाकला नाही. बंगलोरमध्ये एका कूर्गी कुटुंबातील मुलांना शिकविण्याचे काम त्याने पत्करले. दिवसा स्वतः शिकायचे, उरल्या वेळात दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायचे आणि त्यावर आपला खर्च भागवायचा, असा क्रम त्याने वर्षानुवर्षे चालविला.

बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली ते मद्रास विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल चार्ल्स वॉटर्स यांचे या विद्यार्थ्याकडे विशेष लक्ष होते. गणितात या मुलाची बुद्धी चांगली चालते हे त्यांनी ओळखले. शिक्षकाने वेळीच ओळखलेल्या गुणाचे पुढे काय होऊ शकते, याचा हा दाखला आम्हा शिक्षकमंडळींनी नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुण्याचे कॉलेज

बी. ए. झाल्यावर त्या काळी सरकारी कचेरीत नोकरी मिळणे अवघड नव्हते. घरची परिस्थिती पाहता तीच वाट सोपी होती. पण विश्वेश्वरय्यांना इंजिनियर व्हायचे होते. म्हैसूर संस्थानचे दिवाण त्या वेळी रंगाचार्लू होते. त्यांच्या कारकिर्दीत संस्थानने या होतकरू तरुणाला शिष्यवृत्ती देऊन पुण्याला पाठविले. ही शिष्यवृत्ती मिळाली नसती तर एखाद्या कचेरीतील चांगला कारकून एवढीच त्यांची ओळख कदाचित राहिली असती.

ज्या पुण्याच्या कॉलेजात ते आले त्याची माहितीही थोडी सांगितली पाहिजे. १८५४ साली पुण्यात इंजिनियरिंग क्लास व मेकॅनिकल स्कूल या नावाने एक लहान शाळा निघाली होती. रस्ते, पूल, कालवे बांधणाऱ्या सरकारी खात्याला हाताखालची तयार माणसे हवी होती, म्हणून ही सोय. पुढे ही शाळा मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि तिचे कॉलेज झाले. मुळा-मुठेच्या संगमाजवळ तिच्या इमारतीची कोनशिला ५ ऑगस्ट १८६५ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बसली. विश्वेश्वरय्या शिकत होते तेव्हा तिला कॉलेज ऑफ सायन्स म्हणत. थिओडोर कुक हे प्रिन्सिपॉल होते. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिणारे ते हेच. १९११ मध्ये या संस्थेचे नाव कॉलेज ऑफ इंजिनियरिंग झाले आणि आता २०२२ पासून तिला स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे.

स्थापत्यशास्त्र म्हणजे नेमके काय, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. घर बांधणाऱ्या गवंड्याच्या कामापेक्षा त्यात वेगळे ते काय, अशीही शंका पालकांच्या मनात असते. गवंड्याच्या हाती कौशल्य असते आणि त्याबद्दल आदरच बाळगला पाहिजे. पण भिंत किती रुंद असली म्हणजे ती पाण्याचा दाब सोसेल, नदीला किती पूर येऊ शकतो, पुलाच्या कमानीवर किती भार पडेल, जमिनीचा उतार किती आहे आणि त्या उताराने पाणी किती वेगाने वाहील, हे आधी मोजून, गणिताने पडताळून, कागदावर उतरवावे लागते. जमिनीची मोजणी आणि लेव्हल काढणे, नकाशे काढणे, दगड, चुना, लोखंड, लाकूड यांची ताकद तपासणे, पाण्याच्या प्रवाहाचे नियम जाणणे आणि शेवटी कामाला खर्च किती येईल याचा अंदाज बांधणे, हे या विद्येचे मुख्य भाग आहेत. थोडक्यात, आधी मोजायचे आणि मग बांधायचे, ही या विद्येची शिकवण. विश्वेश्वरय्यांच्या सगळ्या आयुष्यात ही शिकवण कशी उतरली ते पुढे दिसेलच.

पुण्यात त्यांनी जीव लावून अभ्यास केला. त्यालाही कारण होते. परीक्षेत पहिला येणाऱ्याला मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियरची जागा मिळण्याची खात्री असे. दुसऱ्या-तिसऱ्याला ती खात्री नव्हती. ज्याच्या पाठीशी वडिलोपार्जित काही नाही त्याला पहिला नंबर ही हौस नसते, ती गरज असते. १८८३ च्या अखेरीस झालेल्या एल. सी. ई. च्या परीक्षेत विश्वेश्वरय्या सर्व मुंबई इलाख्यात पहिले आले. त्यांना जेम्स बर्कले पारितोषिकही मिळाले आणि १८८४ च्या आरंभी ते सरकारी नोकरीत रुजू झाले.

खानदेशातील पहिली कसोटी

त्यांची पहिली नेमणूक नाशिकला आणि लगेच खानदेशात झाली. धुळ्याच्या बाजूला पांझरा नदीच्या खोऱ्यात एका ओढ्याखालून नळ टाकून कालव्याचे पाणी पलीकडे न्यायचे होते. याला सायफन म्हणतात. कालवा वाटेत खोल ओढ्याशी येऊन थांबला की पाणी बंद नळातून ओढ्याच्या तळाखाली उतरवायचे. पलीकडे ते आपल्याच दाबाने पुन्हा वर चढते. पुस्तकात हे एका आकृतीत आणि दोन ओळींत सांगता येते. प्रत्यक्षात पावसाळा तोंडावर होता, पूर येत होते आणि खणलेले चर वाळूने भरून जात होते.

बावीस-तेवीस वर्षांच्या या नव्या इंजिनियरला वाटले की हे काम पावसाळा संपल्यावर करावे. तसे त्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना ते रुचले नाही. नव्या माणसाने कामाला नकार देणे शिस्तीला धरून नाही, असा त्यांचा रोख होता. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही, रुसून राजीनामाही दिला नाही. त्यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि त्याच पावसाळ्यात ते पुरे केले. मित्रांनो, कॉलेजातली पहिल्या नंबराची पदवी खिशात असताना पहिल्याच कामात बोलणी खावी लागली, तर मन किती खट्टू होते! परंतु जे शिकलो ते चिखलात आणि पुरातही चालले पाहिजे, हा धडा त्यांना खानदेशात मिळाला.

सक्कर, खडकवासला आणि नीरा कालवा

१८९४ च्या सुमारास त्यांना सिंधमध्ये सक्कर येथे पाठविण्यात आले. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. गाव सिंधू नदीच्या काठी, पण नदीचे पाणी इतके गढूळ की पिण्याच्या कामाचे नाही. ते गाळण्यासाठी मोठाली फिल्टरची टाकी बांधावी, तर म्युनिसिपालिटीजवळ तेवढा पैसा नाही. अशा वेळी विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, वाळूत विहीर खणविली. नदीचे पाणी वाळूतून झिरपत विहिरीत येई ते निवळ होऊनच येई. तेथून भुयारी मार्गाने ते काठावर आणून वर टेकडीवर चढविण्यात आले. ज्या वाळूने पांझरेच्या काठी त्यांचे काम अडविले होते, त्याच वाळूकडून त्यांनी सिंधूच्या काठी पाणी गाळून घेतले. उन्हाळ्यात आटलेल्या नदीत झरा खणून स्वच्छ पाणी भरणाऱ्या आपल्या आया-बहिणींना हे तत्त्व कोणी शिकविलेले नसते, तरी ते त्यांना ठाऊक असते. इंजिनियरने ते मोजून-मापून एका शहराच्या कामी आणले.

पुण्याच्या वाचकांना खडकवासल्याचे धरण परिचित आहे. ते एकोणिसाव्या शतकातच बांधून झाले होते. पुणे शहर, लष्कर आणि खडकी यांना पाणी तेथूनच येई. पण मागणी वाढत चालली आणि पाणी कमी पडू लागले. दरवर्षी पुराच्या दिवसांत मात्र सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून फुकट जाई. ते अडवावे, तर धरणाची भिंत उंच आणि मजबूत करावी लागेल आणि तो खर्च मोठा. सांडव्यावर साधी दारे बसवावीत, तर पुराच्या रात्री ती वेळेवर उघडली नाहीत म्हणजे धरणालाच धोका.

विश्वेश्वरय्यांनी यावर स्वयंचलित दारांची युक्ती काढली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढू लागले की ही दारे वजनांच्या साह्याने आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. रात्री-अपरात्री माणसाने धावत जाण्याची गरज नाही. १९०३ च्या सुमारास ही दारे खडकवासल्याला बसली आणि भिंत न वाढविता पाण्याची पातळी सुमारे ८ फुटांनी उंच ठेवता येऊ लागली. तलावाचा साठा सुमारे पाव हिश्श्याने वाढला. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावावर झाले. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारे बसली. मुठेच्या काठी शिकलेल्या विद्यार्थ्याने मुठेवरच्या धरणालाच ही भेट दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

याच काळात नीरा कालव्यावर त्यांनी पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत सुरू केली. कालव्याचे पाणी जवळच्या थोड्या लोकांनी मन मानेल तसे घ्यायचे आणि दूरच्यांनी कोरडे राहायचे, असा प्रकार चाले. शिवाय फार पाण्याने जमिनी खराब होत आणि हिवताप पसरे. त्यांनी जमिनीचे ठराविक गट पाडले आणि त्यांत ऊस व इतर पिके आळीपाळीने घ्यावीत अशी व्यवस्था केली. त्यामुळे तेच पाणी अधिक गावांना पुरू लागले. शेतकऱ्यांनी प्रथम विरोध केला. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी त्यांच्यात जाऊन योजना समजावून सांगितली. नुसते गणित बरोबर असून भागत नाही, ते ज्याच्या शेतात उतरायचे त्यालाही पटावे लागते.

पुण्याच्या वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांचा सहवास त्यांना लाभला. १८९८ मध्ये ते जपान पाहून आले. तेथील शाळा आणि कारखाने पाहून त्यांच्या मनाने घेतले की आपला देशही शिक्षणाने आणि उद्योगानेच वर येईल. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्यासाठी आणि गटारांसाठी त्यांनी योजना आखली. १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. खात्यात सर्वांत वरची जागा हिंदी माणसाला मिळणे त्या काळी दुरापास्त होते हे त्यांना दिसत होते.

हैदराबादचा महापूर

आता ज्या प्रसंगाकडे मी वळतो आहे तो आपल्यापैकी अनेकांच्या घराशी जोडलेला आहे. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद ही आपल्या कित्येकांच्या पूर्वजांची राजधानी होती. २८ सप्टेंबर १९०८ या दिवशी त्या शहरावर कहर कोसळला. मुसी नदीला असा पूर आला की तिच्या काठचे मोहल्लेच्या मोहल्ले वाहून गेले. हजारो माणसे बुडाली. अफजलगंजच्या बाजूला एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे आणि आजही लोक त्याला मान देतात. त्या वेळचे निजाम मीर महबूब अली खान यांनी संकटग्रस्तांसाठी मदतीची व्यवस्था केली. परंतु मदत कितीही केली तरी पुढच्या पावसाळ्याचे काय, हा प्रश्न शिल्लक होताच.

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणे पाठविले. ते त्या वेळी परदेशच्या प्रवासात होते. तो संपवून एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. त्यांनी काय केले? आधी मोजले. पूर येऊन गेला होता, पाणी ओसरले होते. तरीही घरांच्या भिंतींवरील पाण्याच्या खुणा, पावसाचे आकडे, नदीचा उतार, तिच्या खोऱ्यातील तलावांची संख्या, हे सारे त्यांनी संस्थानच्या इंजिनियरांच्या साह्याने गोळा केले. तेव्हा खरा प्रकार उलगडला. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाला होता. खोऱ्यात लहान-मोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे, तोही फुटे, आणि असे वाढत वाढत सगळे पाणी एकदम शहरावर आले होते.

कारण कळले तेव्हा उपायही सापडला. शहरात नदीच्या काठाला नुसत्या भिंती बांधून भागणार नव्हते. शहराच्या वरच्या अंगाला, मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर दोन मोठे जलाशय बांधावेत, पुराचे पाणी तेथे धरून ठेवावे आणि शहराला सोसेल तेवढेच हळूहळू खाली सोडावे, अशी योजना त्यांनी सुचविली. त्याप्रमाणे पुढे मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. पुराला आवर घालण्यासाठी बांधलेल्या या दोन तलावांनी शहराला पिण्याचे पाणीही पुरविले. हैदराबादला त्यानंतरही पूर आले, परंतु १९०८ सारखा संहार मुसीने पुन्हा केला नाही.

येथे आणखी एक नाव सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. विश्वेश्वरय्यांच्या योजनेनंतर हैदराबाद संस्थानच्या पाटबंधाऱ्यांच्या कामांना ज्यांनी आकार दिला ते नवाब अली नवाज जंग बहादूर. इंग्लंडमधील कूपर्स हिल येथील इंजिनियरिंग कॉलेजात ते शिकले आणि संस्थानचे चीफ इंजिनियर झाले. त्यांचा जन्मदिवस, ११ जुलै, तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. विद्यार्थी मित्रांनो, ही विद्या आपल्या समाजाला परकी आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी हे नाव लिहून ठेवावे.

म्हैसूरचे दिवाण

नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे चीफ इंजिनियर झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. ज्या संस्थानने शिष्यवृत्ती देऊन शिकविले त्याचे ऋण फेडण्याची संधी त्यांना मिळाली. कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. देशात पुरेसे सिमेंट होत नव्हते, म्हणून विटांची भुकटी आणि चुना यांची सुरखी वापरून ही प्रचंड भिंत रचण्यात आली. धरण पुरे व्हायला १९३१ पर्यंतचा काळ लागला. त्या वेळी म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल होते. तेही बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजचेच विद्यार्थी. धरणाच्या पायथ्याशी जी प्रसिद्ध वृंदावन बाग आहे ती त्यांच्या दृष्टीचे फळ.

दिवाण असताना विश्वेश्वरय्यांनी शिक्षणावर फार भर दिला. १९१३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षी म्हैसूर बँक निघाली, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बंगलोरला इंजिनियरिंग कॉलेज स्थापन झाले. एके काळी संस्थानच्या मुलाला ही विद्या शिकण्यासाठी पुण्याला जावे लागले होते. ती सोय आता घरी झाली.

त्यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट मात्र आपण डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजे. १९१८ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी सर लेस्ली मिलर यांची समिती नेमली. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना, त्यांत मुसलमानही आले, अधिक वाटा कसा मिळेल हे तिने पाहायचे होते. नोकऱ्या गुणवत्तेवरच द्याव्यात, मागासलेल्यांना शिक्षणाने पुढे आणावे, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. हा मतभेद मिटला नाही आणि त्यांनी दिवाणपद सोडले. समितीने मागासलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत मोठा वाटा राखण्याची शिफारस केली आणि म्हैसूर हे या बाबतीत पुढे गेलेल्या संस्थानांत गणले गेले.

थोर माणसाचे चरित्र लिहिताना असा भाग गाळावयाची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे या मुद्द्यावर विश्वेश्वरय्यांचे म्हणणे अपुरे होते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पुस्तक आलेच नाही त्यांनी, ज्यांच्या घरी वडील पंडित होते त्यांच्याशी एकाच रेषेवरून धावावे, ही शर्यत सरळ नाही. आणि स्वतः विश्वेश्वरय्यांनाही संस्थानचा हात मिळाला होताच. तरीपण त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग आपण सोडू नये. जागा राखून ठेवली तरी ती भरायला शिकलेला मुलगा लागतो, शिकलेली मुलगी लागते. सवलत दारापर्यंत नेते, आतला पेपर आपल्यालाच सोडवावा लागतो.

अखेरची वर्षे

दिवाणपद सोडल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने तांत्रिक व औद्योगिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली तिचे ते अध्यक्ष होते. १९२३ पासून काही वर्षे त्यांनी भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याचा कारभार पाहिला. त्या कामाचा मोबदला त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही. मुलांना हातचा धंदा शिकविणारी संस्था त्यातून निघावी अशी त्यांची इच्छा होती. १९४३ मध्ये बंगलोरला ती निघाली आणि तिला महाराज जयचामराजेंद्र यांचे नाव देण्यात आले. ती आज सरकारी पॉलिटेक्निक म्हणून चालू आहे. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी बंगलोरला देह ठेवला.

आपण काय घ्यावे?

पालकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? सर्वांनी विश्वेश्वरय्या व्हावे असे मी म्हणणार नाही. तशी माणसे शतकात एखादीच होतात. पण पुण्याच्या त्या कॉलेजचा आरंभ हाताखालची माणसे तयार करणाऱ्या एका लहान शाळेतून झाला होता आणि देशाला आजही अशा चांगल्या शिकलेल्या माणसांची फार गरज आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा स्थापत्य अभियांत्रिकीचा डिप्लोमा करता येतो. तो चांगल्या गुणांनी पुरा केला तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञान करून प्रवेश परीक्षेने पदवीला जाण्याची वाटही आहेच. या वाटा मुलांइतक्याच मुलींनाही मोकळ्या आहेत.

आपल्या समाजात गवंडी, प्लंबर, सळई बांधणारे, रंगारी असे बांधकामाचे जाणकार कारागीर पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांनी दगड, वाळू, चुना-सिमेंट लहानपणापासून पाहिलेले असते. प्लॅन वाचायला शिकणे त्यांना इतरांपेक्षा जड जाऊ नये. बापाने ज्या इमारतीवर पाट्या वाहिल्या, तशा इमारतीचा नकाशा मुलाने किंवा मुलीने काढावा, ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. त्यासाठी आठवी-नववीपासून गणिताची भीती घालविली पाहिजे. शिष्यवृत्तीचे फॉर्म मुदतीत भरले पाहिजेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला लागत असेल तर तोही, निकालानंतर धावपळ करून न मिळविता आधीच काढून ठेवला पाहिजे. कागदाच्या एका तुकड्यावाचून सीट गेल्याची उदाहरणे आम्हा शिक्षकांना दरवर्षी पाहावी लागतात.

आणि ज्या घरात कमावता माणूस राहिला नाही, त्या घरच्या मामा-चाचांना माझी खास विनंती आहे. बंगलोरच्या त्या मामांकडे दौलत नव्हती. त्यांनी भाच्याला थारा दिला आणि त्याची शाळा सुटू दिली नाही. एवढे आपल्यापैकी बहुतेकांना करता येण्याजोगे आहे. मुलाला कामाला लावण्याची घाई करण्यापूर्वी आपल्या संस्थेच्या कार्यालयात या, शाळेतल्या शिक्षकांना भेटा, शिष्यवृत्तीची चौकशी करा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी शेवटची गोष्ट. ज्याला शिष्यवृत्ती मिळते त्याच्यावर ती एक ठेव असते. विश्वेश्वरय्यांनी ती ठेव कॉलेज, बँक, विद्यापीठ, पॉलिटेक्निक आणि धरण यांच्या रूपाने परत केली. तुम्ही तुमच्या ऐपतीप्रमाणे करा. नोकरीला लागल्यावर आपल्याच शाळेतल्या एका मुलाची वर्षाची फी भरलीत, किंवा रविवारी दोन तास बसून त्याला गणित शिकविलेत, तरी तुमच्या हिश्श्याची फेड सुरू झाली असे समजा.